छपरावरची बाज आणि वैशाखातला वारा

इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस, अशी माझी सिंदीत ख्याती होती. ही ख्याती पसरवण्यात माझाच हात मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो. मी जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर होतो. कापसाचा हंगाम लागला की ते धूड दिवसभर धडधडत राहायचं आणि मी त्याच्याशेजारी डोळे मिटून उभा राहायचो. लोकांना वाटायचं, हा दोष शोधून राह्यला. पुष्कळदा मी नुसता पेंगत असे. पण एकदा पेंगेतून दचकून जागा होताना ‘पट्टा सुटते’ असं माझ्या तोंडून गेलं आणि घटकाभरात खरोखरच पट्टा सुटला. त्यानंतर माझ्या कानांना जो मान मिळाला, तो मी कधीच परत केला नाही.

त्या मानापोटीच मी मोटार घेतली. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. फॅक्टरीचा जुना मॅनेजर गाव सोडून गेला, तेव्हा त्याची विलायती बनावटीची छोटी गाडी माझ्याकडे आली. आजच्या गाड्या कशा पुढून निमुळत्या असतात, तसं तिचं काही नव्हतं. समोरची जाळी उभी, काच उभी, पाठ उभी. सुताराला ‘चार माणसांना बसायला एक पेटी कर आणि खाली चाकं लाव’ असं सांगितलं असतं तर त्यानं हेच केलं असतं. माझी बायको तिला खोका म्हणायची. मी गाडी म्हणायचो. गावातल्या गावात ती झकास धावायची, आणि गावातल्या गावात कोणतीही गाडी झकासच धावते, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, मुलीचं लग्न वैशाखात अक्काच्याच गावी, समुद्रपूरला, ठरलं. अक्काचे यजमान मुलगी सात वर्षांची असतानाच गेले होते. कन्यादान अक्काचे दीर-जाऊ करणार होते. मांडवात अक्काच्या माहेरचा म्हणून एकच माणूस उभा राहणार होता, तो मी. आमच्याकडे नवरीला घरातून मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मामाच तिच्या पाठीशी उभा राहतो. विधवा आईनं त्या वेळी मांडवात यायचं नाही, आत बसायचं, ही त्या काळची रीत. महिन्याभरापूर्वी मी साखरपुड्याला गेलो होतो तेव्हा अक्का मला परसात घेऊन गेली होती. फार बोलणारी ती नव्हतीच. एवढंच म्हणाली, “त्या दिवशी मले आतच बसा लागते. माह्या पोरीच्या मांगं तू राहजो. दुसरं कोनी मले नाई पाह्यजे.”

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. छातीवर हात ठेवण्याची मला फार सवय होती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आदल्या दिवशीच्या बसनं बायकोला घेऊन गेला असता. बायकोनं तेच सुचवलं होतं. पण माझ्या डोक्यात दोन किडे शिरले होते. एक, मांडवाच्या दारात स्वतःच्या मोटारीतून उतरायचं. दोन, भाचीला मामाकडून असं आंदण द्यायचं की हिंगणघाटकडचे वऱ्हाडी बोटं तोंडात घालतील. कापसाच्या गावचा मामा, तेव्हा गाद्याच द्यायच्या. मी जिनातून निवडक कापूस घेतला, पिंजाऱ्याकडून दोन गाद्या भरून घेतल्या आणि त्यांच्याखाली घालायला सागवानी बाज करवली. पिंजाऱ्यानं गाद्या दिल्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे बस गेली ती गेलीच.

मुहूर्त दुपारी बारा वाजून बावीस मिनिटांचा होता. नवरदेवाचे वडील पटवारी, वेळेचे फार काटेकोर. बावीस म्हणजे बावीस असा त्यांचा निरोपच होता. मला निदान साडेअकराला तिथं पोचायला हवं होतं. सातला निघायचं ठरलं आणि निघालो नऊला, कारण बाज छपरावर बसेना. पाय खाली ठेवून ती डगमगायची. मग मला युक्ती सुचली. बाज उलटी टाकली, पाय आभाळाकडे. त्या चार पायांच्या मधे दोन्ही गाद्या रचल्या, आणि धूळ लागू नये म्हणून वरून जाजमाएवढी जाड चादर टाकून तिची टोकं चारी पायांना करकचून बांधली. मागे सरून पाहिलं तर छपरावर एक छोटी खोलीच उभी राहिली होती. मी बायकोला विचारलं, कसं दिसते? ती म्हणाली, “घरावर घर ठेवल्यावानी.” मी ती स्तुती समजलो.

सिंदीहून पक्क्या सडकेपर्यंतचा कच्चा रस्ता पूर्वेकडे जातो. सकाळचा वारा अजून जागा झाला नव्हता आणि जो काय होता तो पाठीवर होता. गाडी अशी गेली की मी शीळ घालायला लागलो. दहाला पाच कमी असताना आम्ही नागपूरहून हिंगणघाटकडे जाणाऱ्या डांबरी सडकेला लागलो. इथून जामचा फाटा अठरा मैल, आणि फाट्यावरून डावीकडे समुद्रपूर सहा मैल. मैलाला दोन मिनिटं धरली तरी अकराच्या आत मांडवात. मी बायकोला हिशेब सांगितला आणि गाडी दक्षिणेकडे वळवून पाय दाबला.

गाडी पुढे जाईना.

अगदी थांबली असं नाही. गुरगुरत होती, थरथरत होती, पण कुणीतरी मागून शेपूट धरल्यासारखी. वैशाखात दहाच्या पुढे आमच्याकडे पश्चिमेचा वारा उठतो, हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. तो कोरडा, गरम, भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्या दिवशी तो समोरून उजव्या अंगानं येत होता. वेग दाखवणारा काटा त्या गाडीत मर्जीप्रमाणे हलायचा, म्हणून मी खिशातलं घड्याळ बायकोच्या हातात दिलं आणि मैलाचे दगड मोजायला लावले. पहिला दगड चार मिनिटांनी आला. दुसरा चार मिनिटांनी. तिसऱ्याला पाच लागली.

मी डोळे बारीक केले. इंजिनाकडे कान लावला. आणि जिनातल्या माझ्या एवढ्या वर्षांच्या अनुभवातून निदान केलं: प्लग.

बायको म्हणाली, वरून काहीतरी ओढल्यासारखं वाटते, छप्पर कुरकुरून राह्यलं. मी तिला हातानं गप्प केलं. इंजिन ऐकताना मधे बोललेलं मला चालायचं नाही. गाडी कडेला घेतली, चारही प्लग काढले, पुसले, घासले, फुंकले, पुन्हा बसवले. थोड्या अंतरावर एक बाभूळ वाऱ्यानं नुसती वाकून राह्यली होती. ती मी पाहिली आणि सोडून दिली. पंधरा मिनिटं गेली. गाडी सुरू केली तर आवाज पहिल्यापेक्षा गोड. वेग तोच. पाच मिनिटांना एक मैल.

आणखी दोन मैलांनी मी दुसरं निदान केलं. पेट्रोल येत नाही. नळी काढली, तोंडानं ओढली, तोंडात पेट्रोल गेलं, थुंकलो. कार्ब्युरेटर उघडून त्यातलं बारीक भोक केसानं साफ केलं. केस बायकोनं उपटून दिला. वारा इतका होता की उघडं झाकण हातातून उडून नाल्यात गेलं आणि मी नवं कोरं धोतर सावरत ते शोधायला उतरलो. वारा गाडीचं झाकण उडवतो, माझी टोपी उडवतो, बायकोचा पदर उडवतो, आणि हा गाढव इंजिनात बिघाड शोधतो आहे. आज हसू येतं. त्या वेळी घड्याळात अकराला पाच कमी होती.

पाच मैल झाले होते. उरले एकोणीस.

बायको एकदाच बोलली. मांडीवरच्या डब्यात भाचीसाठी मामाकडचं पिवळं लुगडं होतं, त्यावर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत म्हणाली, “अक्का दारात येऊन पाहून राह्यली असन.” मला ती शिवी दिल्यापेक्षा जास्त लागली. मी पाय लोखंडाला टेकेपर्यंत दाबला. समोरून एक लादलेला ट्रक आला. तो जवळून गेला तेव्हा आधी हवेची थप्पड बसली, आणि लगेच त्याच्या मागच्या पोकळीत आमचा खोका असा ओढला गेला की सुकाणू माझ्या हातातून निसटलंच. उजवी चाकं सडकेबाहेर गेली, परत आली. बायकोनं डोळे मिटले ते मिटले. झाडांच्या ओळीत जरा निवारा मिळे, आणि ओळ संपली की वारा कुशीत गुद्दा मारे. असे आणखी दोन मैल काढले आणि माझ्या लक्षात तिसरा आजार आला. ब्रेक चाकाला चिकटत असणार. मी पुन्हा थांबलो.

चाकाशी पालथा पडलो होतो तेव्हा मागून बैलगाडी आली. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, भरलेली. म्हातारा गाडीवान उतरला. माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग बराच वेळ छपराकडे पाहिलं. चादर वाऱ्यानं भरून नगाऱ्यासारखी ताणली होती. त्यानं तिच्यावर बोटं वाजवून पाहिली.

“भाऊ, कुठं चालले?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं: समुद्रपूर, भाचीचं लग्न, मी मामा, गाडी ओढत नाही, ब्रेक अडकला.

“ब्रेक कायले अडकते,” तो शांतपणे म्हणाला. “तुमी तोंडापुढं सूप धरून वाऱ्यावर धावून राह्यले. एक सूप खाली,” त्यानं गाडीच्या उभ्या जाळीवर हात ठेवला, “अन् त्याच्याहून मोठं सूप डोक्यावर. पऱ्हाटीची गाडी अशी भरली असती तं माह्या बैलांनी मले शिव्या देल्ल्या असत्या.”

त्याची गाडी मी पाहिली. सगळ्या पऱ्हाट्यांचे बुडखे पुढे, शेंडे मागे, भार बैलांच्या पाठीहून वर नाही. ज्या जिनात मी आयुष्य घातलं, तिथं कापूस माणसं उचलून नेत नाहीत. मोठ्या पंख्याचा वारा त्याला नळीतून ओढून नेतो. रोज मणामणानं कापूस वाऱ्यानं नेताना बघणारा मी, तोच कापूस डोक्यावर घेऊन वाऱ्याशी झुंजत होतो आणि प्लग पुसत होतो.

म्हाताऱ्यानं विचारलं नाही, बाजेच्या एका पायाची गाठ सोडली. चादर फाडकन उलटली, दोन टोकं तुटली आणि ती उडत जाऊन शेतातल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पसरली. गाडी स्प्रिंगांवर हलकेच वर उठली. आम्हाला तिघांनाही ते दिसलं.

आता प्रश्न आंदणाचा. माझं बोटं तोंडात घालायला लावणारं आंदण. मी मुकाट्यानं बाजेचे दोर सोडले. बाज आणि गाद्या सडकेच्या कडेला उतरवताना मला इतकी लाज वाटली की मी म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, समुद्रपूरच्या अलीकडेच त्याचं गाव आहे, पऱ्हाट्या उतरवून उद्या सकाळपर्यंत तो सगळं पोचवील. “तुमी जा. मामा बिगर पोरगी बाहेर नाई येत,” एवढं बोलून त्यानं बैलांना पाणी दाखवायला नेलं.

साडेअकरा झाले होते. फाट्यापर्यंत अकरा मैल, पुढे सहा. डोकं हलकं झालेला खोका आता तीन मिनिटांत मैल तोडू लागला. बायकोनं बोटांवर गुणाकार केला. तीन सत्ते एकवीस, तीन दाहे तीस. एक्कावन्न मिनिटं. म्हणजे बरोब्बर बावीसच्या ठोक्याला आम्ही गावात शिरणार, आणि भाची त्याच्या आधीच मांडवात आलेली असायला हवी.

तेवढ्यात मागून सरकारी बस आली. भोंगा वाजवत बाजूनं गेली आणि तिच्या पाठीमागे आम्ही एक क्षण सापडलो. तो क्षण मी विसरणार नाही. वारा बंद झाला. कानातला गोंगाट थांबला. गाडी कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखी आपोआप पुढे सरकली. ट्रकच्या पोकळीनं घटकेपूर्वी ओढलं होतं, तेच हे, फक्त आता आमच्या बाजूचं. मी पाय दाबला आणि बसच्या पाठीला चिकटलो.

किती जवळ? बसच्या मागच्या पत्र्यावरचे खिळे मोजता येतील इतका. दोन मिनिटांचा दगड, मग दीड मिनिटांचा. बसच्या टपावर एक माणूस सामानाला टेकून बसला होता. तो खाली वाकून आमच्याकडे हात करून ‘मागे व्हा, मागे व्हा’ सांगत होता. धुळीनं काच तांबडी झाली होती. पुढची सडक, झाडं, मैलाचे दगड, सगळं गेलं. उरला फक्त एक निळसर पत्रा. जरा मागे राहिलो की वारा काचेवर आदळायचा, म्हणून मागे राहण्याची हिंमत होईना. ब्रेक तर असे की आज दाबावे तर उद्या लागावे.

एका खेड्यापाशी कुणीतरी हात दाखवला असावा. बस थांबली. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. पत्रा मोठा होत गेला, त्यावरचं प्रत्येक अक्षर मला दिसलं, आणि मी सुकाणू उजवीकडे ओढलं. गाडी सडकेखालच्या मुरमात उतरून, बसच्या बाजूनं घासत, तिच्या पुढच्या चाकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर वरून माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, “भाऊ, मरायचं असन तं दुसरी बस पाह्यजो.” खरं म्हणजे तो आणखीही बोलला, ते इथं लिहिण्याजोगं नाही. मी फक्त लग्न, लग्न असं म्हणत राहिलो. बायकोच्या हातातला डबा खाली पडला होता. तिनं तो उचलला, लुगडं झटकलं आणि विचारलं, “आता थांबून काऊन राह्यले? बस निंगाली ना.”

म्हणून मी पुन्हा तिच्यामागे लागलो. आता वीतभर जास्त अंतर ठेवून.

मी इतका त्या पत्र्यात गुंतलो होतो की जामचा फाटा गेला. बस सरळ हिंगणघाटला जाणारी. तिच्यामागे मीही सरळ. आपण कुठं आहोत हे आम्हाला कळलं ते तीन मैलांनी, दगडावर हिंगणघाटचा आकडा फारच लहान दिसला तेव्हा. वारा वाचवून मिळवलेली सगळी मिनिटं मी अशी हिंगणघाटच्या दिशेनं दान केली. गाडी फिरवली. फाट्यावर परत आलो तेव्हा बारा वाजून तीन मिनिटं झाली होती.

पण आता वळून पूर्वेला जायचं होतं, म्हणजे वारा पुरता पाठीवर. सहा मैल. खोक्याची उभी पाठ, जिची मी आजवर लाज धरली होती, ती वाऱ्यानं धरली आणि ढकलली. गाडी अशी सुटली की मला जन्मात तेवढा वेग लाभला नव्हता. आणि एक चमत्कार झाला: गाडीत वारा लागेनासा झाला. आम्ही उडवलेली धूळ आमच्याबरोबरच चालत होती. उघड्या खिडकीत बायकोच्या कपाळावरचे केस स्थिर होते. मी म्हणालो, पाह्य, कसं गुपचूप चाललं. ती म्हणाली, “जळाल्याचा वास कायचा येते?”

वारा जितका धावत होता तितकेच आम्ही धावत होतो, तेव्हा समोरच्या जाळीतून इंजिनाला थंड करायला हवा शिरणार कुठून? हे आज मी ठासून सांगू शकतो. त्या वेळी जाळीतून वाफेचा फवारा उठला तेव्हा कळलं. थांबलो. आणि इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या या माणसानं, जिनात शिकाऊ माणसालाही जे करू देत नाही तेच केलं: उपरण्यानं धरून उकळत्या पाण्याचं टोपण उघडलं. तांबडं गंजकं पाणी उसळून डोक्यापासून धोतरापर्यंत आलं. उजवा हात भाजला. मुहूर्ताला चौदा मिनिटं होती.

बायको खाली उतरली. प्यायच्या पाण्याचा तांब्या तिनं माझ्या हातात दिला नाही, माझ्यापासून दूर धरला. थंड होऊ दे, म्हणाली. आम्ही सडकेवर उभे राहिलो. मला पायी धावत जावंसं वाटलं. अडीच मैल. धावून काय झालं असतं, तिथं पोचून मी पडलो असतो. ती घड्याळ बघत होती आणि मी तिचं तोंड. अशी सहा मिनिटं गेली. मग तिनं थेंब थेंब पाणी ओतलं, मी हँडल फिरवलं, आणि गाडी निघाली.

गावात शिरलो तेव्हा मंगलाष्टकं ऐकू येत होती. म्हणजे भाचीला कुणीतरी मांडवात आणलं होतं. कुणी? दीर तर कन्यादानाला बसलेले. वऱ्हाडातला कुणी लांबचा मामा उभा केला असणार. मांडवाच्या दारात मोटारीतून उतरण्याचं माझं स्वप्न पुरं झालं. तांबड्या डागांचं धोतर, भाजलेला हात, डोक्याला टोपी नाही, आणि बघायला कुणी नाही, कारण सगळ्यांची तोंडं आत होती.

मी माणसं ढकलत आत गेलो. अंतरपाट धरलेला. अलीकडे भाची, मान खाली. आणि तिच्या पाठीशी अक्का.

पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या कपाळानं, उजवा हात पोरीच्या खांद्यावर ठेवून उभी. हाताला कणीक लागलेली होती, ती तशीच वाळली होती. मागाहून मला कळलं की मामाची वाट पाहून वऱ्हाडातल्या एका गृहस्थानं पुढे व्हायची तयारी दाखवली, भाची उंबऱ्यातून हलेना, आणि अक्का चुलीपासून उठून आली, पोरीचा हात धरला आणि कुणाला न विचारता मांडवात गेली. तिला अडवायचं कसं हे कुणाला सुचलं नाही, म्हणून मंगलाष्टकं सुरू झाली होती. पण बायकांच्या बाजूनं कुजबुज चालली होती ती मला दारातच ऐकू आली.

मला पाहून नवरदेवाचा चुलता सुटका झाल्यासारखा पुढे आला. त्यानं भटजींना हातानं थांबवलं. “मामा आले,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “बाई, आता तुमी आत जा.”

अक्कानं मान वळवली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती रागावलेली दिसली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाहिलं, आणि मला दिसलं की खांद्यावरची तिची बोटं सैल व्हायला लागली आहेत. ती जाणार होती. मी आलो होतो, तिनंच मागितलेला मामा, आणि रीतीप्रमाणे ती जागा माझी होती. भाचीनं मागे न बघता आपला हात वर नेऊन आईच्या बोटांवर ठेवला.

सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं.

“माह्ये पाय थरथरून राह्यले,” मी म्हणालो. “मले उभं राहवत नाई. अक्काच राहू द्या.” आणि तिथंच, अक्काच्या मागे, जमिनीवर बसलो.

मोठेपणा म्हणून मी हे केलं असं कुणाला वाटू नये. पाय खरंच थरथरत होते. पण उभं राहायचंच म्हटलं असतं तर राहता आलं असतं, हेही तितकंच खरं.

चुलता नवरदेवाच्या वडिलांकडे वळला. पटवारीबुवांचा चेहरा आंबट झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि खिशातून घड्याळ काढलं. “एक मिनिट राह्यलं,” ते भटजींना म्हणाले. “म्हना.”

भटजींनी शेवटचं अष्टक उचललं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मी खाली बसलेलो, म्हणून मला नवरा-नवरी दिसलीच नाहीत. दिसल्या त्या अक्काच्या टाचा. धुळीनं भरलेल्या, जमिनीत रोवल्यासारख्या.

त्या गोष्टीवर गावात पुढे बरंच बोलणं झालं. दोन घरच्या बायकांनी काही दिवस अक्काकडे हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं नाही, तसं ते आधीही कुठं येत होतं. माझ्याशी त्या दिवशी ती पंगतीच्या वेळेपर्यंत बोलली नाही. पंगतीत वाढायला स्वतः आली. माझ्या भाजलेल्या हाताकडे बघून तिनं डावीकडे द्रोण सरकवला, बुंदी वाढली, आणि पुढच्या पानाकडे जाता जाता म्हणाली, “वेळेवर आला असता तं मी आत पापड तळत बसली असती.”

हे तिनं रागानं म्हटलं की कसं, ते मी विचारलं नाही. मी मान खाली घालून बुंदी खात राहिलो, आणि डाव्या हातानं जेवतो म्हणून त्या पंगतीत मला कुणी टोकलं नाही.